निंगबोचं मॅग्नेट, भोसरीची मोटार

प्रश्न थोडक्यात असा आहे: "अमेरिकेनं एवढा टॅरिफ लावूनही चीनची निर्यात वाढतेच कशी? त्यांचा माल स्वस्त पडतो तो सरकार पैसे ओततं म्हणून का? आणि आमच्यासारख्या लहान पंप-मोटारी बनवणाऱ्यानं चीनमधून माल घ्यावा का? डिसेंबरअखेर पहिली ऑर्डर द्यायचा विचार आहे."

मी अर्थशास्त्रज्ञ नाही. २००३ पासून भोसरीतल्या एका मोटार-कारखान्याची खरेदी सांभाळली, आता इतरांना त्याच कामात मदत करतो. तेव्हा उत्तर खरेदीवाल्याच्या खुर्चीतून येईल, आणि थोडं लांबेल.

आधी टॅरिफचं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं चिनी मालावरचा नवा कर चढवत चढवत १४५ टक्क्यांवर नेला. चीननं उलट १२५ टक्के लावला. मे महिन्यात जिनिव्हात दोघांनी तलवारी म्यान केल्या आणि ते आकडे ३० आणि १० वर आले. एवढ्या गोंधळात चीनची अमेरिकेला होणारी निर्यात जवळपास पाचव्या हिश्श्यानं घटली, ही गोष्ट खरी आहे. पण आफ्रिका, आग्नेय आशिया, युरोप इकडे जाणारा माल एवढा वाढला की एकूण निर्यात वरच राहिली. २०२४ मध्ये चीनची व्यापारी शिल्लक ९९ हजार कोटी डॉलरच्या घरात होती. २०२५ च्या पहिल्या अकरा महिन्यांतच ती एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली. आपल्यापुरतं बोलायचं तर २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून सुमारे ११,३०० कोटी डॉलरचा माल घेतला आणि १,४०० कोटींचा विकला.

शिवाय अमेरिकेला जाणारा सगळा चिनी माल 'चिनी' म्हणून जातच नाही. २०१८ च्या पहिल्या करानंतर माझ्या ओळखीच्या दोन पुरवठादारांनी व्हिएतनाममध्ये हनोईजवळ बाक निन्हला शेड घेतल्या. मशीन चीनचं, सुटे भाग चीनचे, फोरमन चिनी. जुळणी आणि पॅकिंग तेवढं तिथलं. नुसतं लेबल बदलून माल पुढे ढकलणारेही आहेत, पण ते थोडे. बहुतेकांचं काम कागदोपत्री स्वच्छ असतं, आणि म्हणूनच ते अडवणं अवघड जातं.

आता स्वस्ताईकडे येतो, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. मजुरी स्वस्त म्हणून माल स्वस्त, हे २००३ साली खरं होतं. आज किनाऱ्यावरच्या प्रांतांतला कामगार भोसरीतल्या कामगाराच्या दुपटीहून महाग आहे. तरीही माल स्वस्त पडतो, तो का, हे मला २०११ साली एका सकाळी कळलं.

चीनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या निंगबो बंदराजवळ त्सशी नावाचं शहर आहे, घरगुती उपकरणांच्या लहान कारखान्यांनी भरलेलं. तिथे आम्ही मोटारीची एक स्प्रिंग-क्लिप घ्यायला गेलो होतो. नग चांगला होता, पण प्लेटिंग सॉल्ट स्प्रेला (खारं पाणी फवारून गंज बघायची चाचणी) ७२ तास टिकेना. सकाळी अकराला मी 'जमणार नाही' म्हणून वही मिटली. मालक गप्प बसला. त्याच्या बायकोनं, म्हणजे 'लाओपान्यांग'नं, फोन उचलला. (तिकडच्या लहान कारखान्यांत हिशेब आणि खरा कारभार तिच्याकडेच असतो. भाव पाडून घ्यायचा तर नवऱ्याशी बोलण्यात अर्थ नसतो.) अर्ध्या तासात प्लेटिंगवाला स्कूटरवर हजर. क्लिप खिशात टाकून गेला आणि चार वाजता तीन वेगवेगळ्या कोटिंगचे नमुने प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन परत आला. चौथा नमुना त्यानं न विचारताच केला होता. स्टीलची जाडी थोडी कमी केली तर कोटिंग वाकताना तडकणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पातळ स्टीलची पट्टी त्यानं शेजारच्याकडून मागून आणली होती.

हेच काम आम्ही इकडे करायचो तेव्हा डाय राजकोटहून, स्प्रिंग स्टील मुंबईच्या व्यापाऱ्याकडून, आणि प्लेटिंग मात्र शेजारच्याच गल्लीत. पण त्याच्याकडे आपला नंबर लागायला चार दिवस. एका बदलाला पंधरवडा जायचा. आपला कारागीर कुठे कमी पडत नाही. आपल्याकडे एका गोष्टीपासून दुसरी गोष्ट लांब असते, एवढंच.

तिकडे एकेका गावाचा एकेक धंदा आहे. दातांगमध्ये मोजे, गुझेनमध्ये दिवे, योंगकांगमध्ये दारं आणि हत्यारं, चेंगहाईत खेळणी. पुण्याच्या तापकीर गल्लीतली दिव्यांची माळ कुठून आली याचा माग काढलात तर बहुधा अशाच एखाद्या गावात पोचाल. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे इचलकरंजी आहे, हुपरी आहे, मोरबी आहे. आहेच की, आणि मोरबीची टाइल तर फोशानच्या टाइलशी परदेशातल्या बाजारात टक्कर देते. फरक असा की दातांगमध्ये मोजे विणणाऱ्याच्या भोवती सूतवाला, मशीनवाला, सुया बनवणारा, खोकी छापणारा आणि कंटेनर भरून देणारा, असे सगळे हाकेच्या अंतरावर बसलेत. त्सशीहून भरलेला कंटेनर दीड-दोन तासांत निंगबोच्या बंदरात. तिथून थोडं वर शांघाय. त्या एका बंदरानं २०२४ मध्ये पाच कोटींहून जास्त टीईयू (एक टीईयू म्हणजे एक वीस फुटी कंटेनर) हाताळले. आपलं न्हावा-शेवा २०२४-२५ मध्ये ७३ लाखांवर होतं, आणि तो त्या बंदराचा विक्रम होता.

ईवू या घाऊक बाजाराच्या शहराबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण नवखे लोक तिथेच आधी जातात. समुद्रापासून आत, डोंगराळ, नापीक जमिनीचा हा भाग. इथले फेरीवाले पूर्वी गुळासारखी साखर देऊन कोंबड्यांची पिसं गोळा करायचे. पिसांचं खत व्हायचं, झाडण्या व्हायच्या. १९८२ मध्ये तिथल्या स्थानिक पक्षप्रमुखानं, वरचे काय म्हणतील याची पर्वा न करता, फेरीवाल्यांना उघड बाजार भरवू दिला. आज तिथे सुमारे ७५ हजार गाळे आहेत. बहुतेक गाळा आपल्याकडच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाएवढा, पण त्यामागे एक तरी कारखाना उभा. दोन दिवस फिरलं की पाय दुखतात आणि डोकं बधिर होतं. मोटारीच्या भागांसाठी मात्र ईवूला जाऊ नका. ती जागा छत्र्या, कुलपं, खेळणी, पिना यांची.

सरकार पैसे ओततं का? ओततं. बँकेचं कर्ज स्वस्त, जमीन स्थानिक प्रशासनाकडून नाममात्र भावात, आणि निर्यात झाली की १३ टक्के व्हॅटमधला बराचसा, काही मालावर पूर्ण, परत. माझ्या ओळखीचा एक पुरवठादार मालावर काही मिळवतच नाही. तो परतावा हाच त्याचा नफा. म्हणून तुम्ही 'बिल नको, भाव कमी कर' म्हणालात की तो गोंधळून बघतो. त्याला बिलच हवं असतं.

पण सरकारी पैसा हे पूर्ण उत्तर नाही. प्रत्येक प्रांताला आपली सोलरची फॅक्टरी हवी, आपला गाडीचा कारखाना हवा. मग पन्नास जण तोच माल बनवतात आणि एकमेकांचे गळे कापतात. याला तिकडे 'नेइज्वान' म्हणतात, म्हणजे आतल्या आत गुंडाळत जाणं. २०२१ नंतर घरबांधणी कोसळली. एव्हरग्रांडसारखी कंपनी बुडाली आणि बँकांचा पैसा इमारतींकडून कारखान्यांकडे वळला. लोकांची बचत घरात अडकली म्हणून ते हात आखडून खर्च करतात. माल बनतोय जास्त, देशात खपतोय कमी. उरलेला बोटीत. ऑक्टोबर २०२२ पासून तीन वर्षांहून जास्त काळ तिथल्या कारखान्यांच्या दारातले भाव वर्षागणिक घसरत राहिले. आपल्याला जो आकडा 'चीनची ताकद' म्हणून दिसतो, त्यात त्यांच्या घरातल्या अडचणीचाही मोठा भाग आहे. ही बाजू आपल्याकडच्या चर्चेत फारशी येत नाही.

याचा जगावर परिणाम काय? विकणारा म्हणून बघा: सोलर पॅनेल बनवण्याच्या जवळपास प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे. भाव एवढे पडले की पाकिस्तानपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत लोकांनी छपरं पॅनेलांनी भरली, आणि युरोपातल्या पॅनेल बनवणाऱ्यांनी एकेक करून शटर ओढलं. २०२३ मध्ये गाड्यांच्या निर्यातीत चीननं जपानला मागे टाकलं. ग्राहकाची चंगळ आणि कारखानदाराचं मरण, दोन्ही त्याच कंटेनरमधून येतं.

घेणारा म्हणून चीन काय करतो हे बघायला मात्र गोव्याला जा. साखळी, डिचोली, कुडचडे, सावर्डे या भागात पन्नाशीच्या माणसाला विचारा. गोव्याचं लोहखनिज आधी मुख्यतः जपानला जायचं. कमी प्रतीचा भुगा कुणी घेत नसे, तो खाणीशेजारी ढिगानं पडून राहायचा. २००० नंतर चिनी पोलाद कारखान्यांची भूक एवढी वाढली की तो टाकाऊ भुगाही सोन्याच्या भावानं गेला. कर्ज काढून ट्रक घेतले गेले, मांडवी-जुवारीत बार्जांची रांग लागली, रस्ते लाल झाले, शेतं बुजली. २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांच्या आसपास खनिज गोव्यातून बाहेर गेलं. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा उत्खननाच्या अहवालानंतर खाणी बंद झाल्या आणि दारात उभे असलेले ट्रक गंजले. बंदी आपल्या सरकारनं आणि न्यायालयानं घातली, तिचा दोष चीनला देता येणार नाही. पण तो भुगा बाहेर काढायचा मोह कुठून आला, हे डिचोलीतला कुठलाही ट्रकमालक सांगेल. सोयाबीनचंही तसंच. चीन वर्षाला दहा कोटी टनांहून जास्त सोयाबीन आयात करतो. त्यानं २०२५ मध्ये काही महिने अमेरिकेकडून घेणं थांबवून ब्राझीलकडे मोर्चा वळवला की शिकागोच्या वायदेबाजारातले भाव हलतात, आणि पेंडीच्या निर्यातीचं गणित करणारा लातूरचा व्यापारी त्याच दिवशी फोन फिरवायला लागतो.

पण खरेदीवाल्याला घाम फोडणारी गोष्ट यातली कुठलीच नाही. ती आहे मॅग्नेट.

तुमच्या मोटारीत निओडिमियमचं मॅग्नेट असेल. हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या सुमितोमोत आणि अमेरिकेतल्या जनरल मोटर्समध्ये जवळजवळ एकाच वेळी शोधलं गेलं. चीनचा त्या शोधात हात नव्हता. जनरल मोटर्सनं आपली मॅग्नेटची कंपनी १९९५ मध्ये विकून टाकली. घेणाऱ्यांत चिनी भागीदार होते, आणि पुढे मशिनरी तिकडे गेली. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण २००२ मध्ये थंडावली. निओडिमियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्यं वेगळी करणं हे घाणेरडं काम आहे. आम्लं, किरणोत्सारी गाळ, आणि हातात येणारा नफा किरकोळ. सगळ्यांना वाटलं, करू दे त्यांना. आज अशी ९० टक्क्यांच्या आसपास मॅग्नेट्स चीनमध्ये बनतात, आणि निंगबो हे त्याचं एक मोठं ठाणं.

४ एप्रिल २०२५ ला बीजिंगनं सात मूलद्रव्यांवर निर्यात-परवाना लावला. त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते. हे दोन चिमूटभर घातले की मॅग्नेट उष्णतेत दम सोडत नाही. त्यामुळे साधं मॅग्नेट सुटलं, पण मोटारीत चालणारं अडकलं. रीत अशी झाली: आपण लिहून द्यायचं की हा माल लष्करी वापरासाठी नाही, त्यावर आपल्या सरकारी खात्यांचे शिक्के, मग दिल्लीतल्या चिनी वकिलातीचा शिक्का, मग निंगबोच्या पुरवठादारानं बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयाकडे अर्ज करायचा आणि वाट बघायची. मे महिन्यात फोर्डचा शिकागोचा कारखाना आठवडाभर थांबला. सुझुकीनं जपानमध्ये स्विफ्टचं उत्पादन थांबवलं. जुलैत बजाज ऑटोनं जाहीरपणे सांगितलं की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. मॅग्नेटचा गाडीच्या किमतीतला वाटा पाच टक्क्यांच्या आत. गाडी मात्र त्याच्याशिवाय लाइनवरून उतरत नाही. त्याच सुमारास विद्राव्य खतांचा चिनी पुरवठाही आटला होता. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना तो फटका वेगळा सांगायला नको.

बाजारावरचा प्रभाव म्हणतात तो मला इथे दिसतो. टॅरिफ ही गिऱ्हाइकाची धमकी आहे: तुझा माल घेणार नाही. परवाना ही दुकानदाराची: तुला माल देणार नाही. दुसरं दुकान असतं तेव्हा तिला कोणी भीक घालत नाही. आपण सगळ्यांनी वीस वर्षं दोन रुपये वाचवून ते दुसरं दुकान बंद पाडलं. मीही पाडलं. २००८ पर्यंत आम्ही थोडी मॅग्नेट्स जपानहून घेत होतो, आणि ती बंद करण्याच्या कागदावर माझी सही आहे.

त्या सहीची शिक्षा मला आधीच मिळाली होती. २०१४ मध्ये एका पुरवठादाराला मी घासाघीस करून भाव १८ टक्क्यांनी खाली आणायला लावला. माल ४२एसएच ग्रेडचा, म्हणजे १५० अंशांपर्यंत टिकणारा. पहिले दोन लॉट ठीक. तिसऱ्या लॉटची मोटार मे महिन्यात अकोला-जळगावकडे गेली आणि फोन सुरू झाले: "पंप सकाळी चालतो, दुपारी पाणीच फेकत नाही." मोटारी उघडल्या तर मॅग्नेट साधं एन४२ निघालं, ८० अंशांनंतर कायमचं ढिलं पडणारं. आमच्या गाउसमीटरनं (मॅग्नेटची ताकद मोजायच्या यंत्रानं) ते पकडलं कसं नाही? कारण थंड असताना दोन्ही ग्रेड सारखंच रीडिंग देतात. पुरवठादारानं फसवलं यात शंका नाही. पण त्या भावात एसएच बसूच शकत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर 'घ्या, पण' असं आहे. क्लिपा, बेअरिंगची कव्हरं, पॅकिंग, केबल खुशाल घ्या. आपल्याकडे बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्राची) अट लागू आहे का, हे माल बोटीत चढायच्या आधी सीएचएकडून (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाकडून) तपासून घ्या. माल बंदरावर आल्यावर हा प्रश्न विचारणाऱ्यांना डिटेन्शनचं (कंटेनर अडकून राहिल्याचं) बिल शहाणं करतं. भाव एफओबीवर (तिकडच्या बंदरात बोटीत चढवून दिलेल्या मालाच्या भावावर) ठरवू नका, कारखान्याच्या दारात पडणाऱ्या किमतीवर ठरवा. समजा सीआयएफ (मालाची किंमत, विमा आणि बोटीचं भाडं धरून) १०० रुपये आणि ड्युटी १० टक्के, तर त्यावर सरचार्ज १ रुपया, मग १११ वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे १३१ च्या आसपास. आयजीएसटी नंतर वळता होतो, पण तोवर तुमचा पैसा अडकलेला असतो, आणि लहान कारखान्याला तेच जड जातं.

पैसे ३० टक्के आगाऊ, ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची (माल बोटीत चढल्याच्या पावतीची) प्रत आल्यावर. पुरवठादाराच्या परवान्यावर १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो. बँक खात्याचं नाव आणि परवान्यावरचं नाव एकच हवं. मधेच 'आमचं खातं बदललंय' असा मेल आला तर उत्तर देऊ नका, व्हिडिओ कॉल लावून त्या माणसाचं तोंड बघा. खातं बदलल्याच्या या एका फसवणुकीनं माझ्या ओळखीतले तीन जण बुडाले आहेत. मंजूर नमुन्यावर दोघांच्या सह्या करून एक तुमच्याकडे आणि एक त्यांच्याकडे ठेवा.

मॅग्नेट घ्यायचंच असेल तर प्रत्येक लॉटमधले दहा नग रोटरवर बसवा, रीडिंग घ्या, भट्टीत १५० अंशांवर दोन तास ठेवा, थंड करून पुन्हा मोजा. पाच टक्क्यांहून जास्त पडलं तर लॉट परत. आणि किमान चार महिन्यांचा साठा ठेवा. बँकवाला कुरकुर करेल, करू दे. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीननं जे आणखी कडक नियम जाहीर केले, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षभरासाठी स्थगित झाले, पण एप्रिलचे परवाने तसेच राहिले. आपल्या सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात वर्षाला ६,००० टन मॅग्नेट बनावं म्हणून ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. चांगलं पाऊल आहे. पण त्यातलं पहिलं मॅग्नेट तुमच्या रोटरवर बसायला काही वर्षं जातील.

डिसेंबरअखेर ऑर्डर मात्र देऊ नका. त्यांचं नववर्ष फेब्रुवारीच्या आसपास येतं (२०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला). जानेवारीच्या मध्यापासून कामगार गावी जायला लागतात, घाईघाईत भरलेला माल सगळ्यात वाईट निघतो, आणि सुटीनंतर निम्मे हात नवे असतात. मार्चमध्ये नमुना मागवा. तोवर दोन महिने आहेत, तेवढ्यात तुमच्या डिझायनरला सांगून ती मोटार फेराइटवर (दुर्मीळ मूलद्रव्यं न लागणाऱ्या साध्या मॅग्नेटवर) बसते का ते बघून ठेवा. वजन वाढेल, बॉडी दोन-तीन सेंटिमीटरनं मोठी होईल. पंपाला त्यानं काही बिघडत नाही.